मारुतीचं शेपूट

आमच्या घरात ‘पुन्हा एकदा तस्संच करू या’ हे वाक्य उच्चारायला मला सक्त मनाई आहे. हिनं ती ३० डिसेंबर २००७ रोजी संध्याकाळी साडेसातच्या सुमारास जारी केली. तेव्हापासून सरकारं बदलली, नोटा बदलल्या, आमच्या मोरीतल्या फरश्यासुद्धा बदलल्या, पण मनाई जागची हललेली नाही.

तुम्ही घरचेच म्हणून सांगतो, दोष माझ्या स्वभावाचा आहे. एखादं काम माझ्या हातून बरं झालं, तर ते चुकून झालं हे मला पटतच नाही. एकदा ही तापानं पडली होती म्हणून मी साबुदाण्याची खिचडी केली आणि ती चक्क मोकळी, मऊ, दाणा न् दाणा वेगळा अशी उतरली. झालं! पुढच्या एकादशीला मी साडू, मेव्हणी आणि त्यांच्याकडे मुक्कामाला आलेले चार पाहुणे अशा सगळ्यांना फराळाला बोलावून ठेवलं, आणि त्या दिवशी कढईत जे जमलं ते सुरीनं वड्या पाडून वाढावं लागलं. एकदा घरातला फ्यूज मी बांधला आणि दिवे लागले. दुसऱ्यांदा बांधला तेव्हा अख्ख्या बिल्डिंगनं मेणबत्त्या लावल्या.

असो. सांगायचं होतं ते हनुमानाचं.

२००५ साली दिवाळीच्या तोंडावर, २१ ऑक्टोबरला, ‘हनुमान’ हा व्ही. जी. सामंत यांचा कार्टून सिनेमा लागला. त्या काळी कार्टून म्हणजे परदेशी सिंह, परदेशी उंदीर आणि परदेशी मासे. आपला शेंदरी मारुती थिएटरात, मोठ्या पडद्यावर, ही कल्पनाच मला जरा सत्यनारायणाला केक कापण्यासारखी वाटत होती आणि मला मुळीच जायचं नव्हतं. पण घरात चकल्या चालल्या होत्या. चिरंजीव सहा वर्षांचे होते, त्यांनी सोऱ्यात दोनदा बोट घातलं होतं, आणि मी पहिल्या घाण्यातल्या अकरा चकल्या ‘मीठ बघतो’ म्हणून संपवल्या होत्या. हिनं दोघांना एकाच वाक्यात घराबाहेर काढलं. म्हणजे कलाप्रेम वगैरे काही नाही. आम्हाला हाकललं होतं.

आणि काय सांगू! बाळमारुती फळ समजून सूर्याकडे झेपावला तेव्हा चिरंजीव खुर्चीवर उभे राहिले आणि वेफर्सचा पुडा त्यांनी हवेत भिरकावला. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांच्या टकलावर तो पडला, तर त्या गृहस्थांनीही मागे वळून न बघता त्यातला एक वेफर खाल्ला, इतकी सगळ्यांची तंद्री लागलेली. मी तर डोळे पुसत होतो. घरी मी सांगितलं, वेफर्सचं मीठ गेलं डोळ्यात.

बाहेर आल्यावर चिरंजीवांनी विचारलं, ‘‘बाबा, हनुमान कुठला?’’

‘‘त्र्यंबक रोडचा,’’ मी म्हणालो.

नाशिककराला हे सुख आहे. आमच्या गावापासून त्र्यंबकच्या वाटेवर वीसेक किलोमीटरवर अंजनेरी आहे. अंजनीमातेच्या नावाचा डोंगर, मारुतीचं जन्मस्थान. आता हंपीजवळच्या अंजनाद्रीचे लोक म्हणतात तो आमचा, तिरुमलावाले म्हणतात आमचा, आणि २०२२ साली तर यावर नाशकातच शास्त्रार्थ भरला होता. पण कोणी कुठल्या आसनावर बसायचं इथेच त्याची गाडी अडली. तीन ठिकाणी जन्म घेणं मारुतीला जड नसावं. पण मी सहा वर्षांच्या मुलाला हा तपशील सांगितला नाही. रविवारी त्याला घेऊन गेलो.

आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या दिवशी सगळं सुरळीत झालं. काळी-पिवळी जीप लगेच मिळाली. ऊन कोवळं होतं. चिरंजीव एकदाही ‘उचलून घ्या’ म्हणाले नाहीत. वर अंजनीमातेच्या देवळात दर्शन झालं, पुढे पावलाच्या आकाराचं तळं बघितलं. सूर्याकडे झेप घेताना मारुतीनं पाय दाबला तो इथे, असं म्हणतात. उतरताना एका वयस्कर माकडानं माझ्या हातातलं केळं असं अदबीनं घेतलं, की मी त्याला नकळत ‘घ्या’ म्हणालो. संध्याकाळी घरी आलो तेव्हा मुलाच्या नजरेत मी बाप नव्हतो, जांबुवंत होतो.

पुढचे दोन महिने घरात मारुतीचाच संचार होता. पायजम्यावर लाल चड्डी, हातात गदा म्हणून काठीला बांधलेली पाण्याची रिकामी बाटली, आणि मागे शेपूट म्हणून माझा निळा पट्ट्यापट्ट्यांचा टॉवेल. मला आंघोळीनंतर पंचा वापरावा लागे, कारण टॉवेल लंकेत असायचा. पण बापाला आणखी काय हवं असतं?

त्याला तेच पुन्हा हवं असतं. तिथेच घात झाला.

२००७ च्या डिसेंबरात कळलं की दुसरा भाग येतोय, ‘रिटर्न ऑफ हनुमान’, २८ तारखेला, शुक्रवारी. मी कॅलेंडरवर रविवारच्या चौकोनात गॅसच्या नोंदीवर लाल पेनानं गोल केला. आधीच्या शुक्रवारी ‘तारे जमीन पर’ लागला होता. साडू त्यांच्या मुलांना घेऊन तो बघून आले होते आणि चौघंही रुमाल पिळून वाळत घालावे इतके रडले होते. मेव्हणीनं फोन करून हिला सांगितलं, तोच बघा. ही म्हणाली, तोच बघू या. मी म्हणालो, ‘‘छे! पुन्हा एकदा तस्संच करू या.’’

तस्संच म्हणजे मी अगदी तस्संच ठरवलं होतं. तोच खेळ सकाळचा, तेच थिएटर, तीच रांग, त्याच कंपनीचे वेफर्स, आणि मग तसंच अंजनेरी. २००५ साली घातलेली तीच पँट कपाटातून काढली. ती दोन वर्षांत आखडली होती. (ही म्हणते पँट आखडली नव्हती.) माकडासाठी दोन डझन केळी घेतली. आणि पिशवीच्या तळाशी, कुणाला न सांगता, निळा पट्ट्यापट्ट्यांचा टॉवेल घडी करून ठेवला. डोंगरमाथ्यावर चिरंजीव पुन्हा शेपूट लावून धावतील आणि मी फोटो काढीन, असं माझ्या डोळ्यांपुढे होतं. चिरंजीव आता आठ वर्षांचे झाले आहेत आणि शाळेत त्यांना ‘ए’ म्हणून हाक मारलेलीही खपत नाही, ही गोष्ट माझ्या हिशेबातून सुटली.

दुसरी चूक अशी, की जिन्यात बोलता बोलता मी शेजारच्या काकूंना म्हणालो, तुमच्या नातवालाही पाठवा. रविवारी सकाळी खाली चिरंजीव धरून नऊ मुलं उभी होती. प्रत्येकामागे एक आई आणि प्रत्येक आईबरोबर एक सूचना. याला गार पाणी देऊ नका. हिला खिडकीशी बसवू नका, उलटी होते. हिला खिडकीशीच बसवा, नाहीतर उलटी होते. आणि एक आई हळूच म्हणाली, ‘‘आमचा सांगायला लाजतो. चेहरा बघून ओळखा.’’ मी पुढचे दीड तास पडद्यापेक्षा त्याच्याच चेहऱ्याकडे बघत होतो. चार वेळा बाहेर नेलं. पाचव्यांदा नेलं तेव्हा तो म्हणाला, काका, मला लागलेली नाही, माझा चेहराच असा आहे.

मध्यंतरात नऊ वडे आणले. नऊ वाटले, तरी एक मूल रडत होतं. पुन्हा मोजली. दहा. डोळे मिटून, बोटांवर, मग नावानिशी मोजली, तरी दहा. दहावा कोण हे विचारायचा मला संकोच वाटला, म्हणून त्याला माझा चहा आणि बिस्किटं दिली. दोन रांगा मागे त्याचे वडील खुर्च्यांखाली वाकून वाकून शोधत होते. मुलगा माझ्या मांडीवर सापडल्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं रामानं रावणाकडेही पाहिलं नसेल.

आता सिनेमाचं. पडद्यावर मारुती माणसाच्या घरी जन्माला आलेला, बजरंगपूर नावाच्या गावात वाढतोय आणि शाळेत जातोय. मिंकू नावाच्या मुलाला दांडगी पोरं छळतात, त्यांना सरळ करतोय. मी थक्क झालो. लंका कुठाय? द्रोणागिरी कुठाय? ज्यानं सूर्य गिळायला झेप घेतली तो वर्गात बाकावर? मी चिरंजीवांच्या कानाशी लागलो. म्हटलं, पहिल्यात बघ कसं होतं, पहिल्यात असं नव्हतं, पहिल्यात गाणंसुद्धा भारदस्त होतं. दर पाच मिनिटांनी मी ‘पहिल्यात’ म्हणत होतो आणि दर पाच मिनिटांनी तो सरकत सरकत पलीकडच्या मुलीच्या खुर्चीच्या हाताला टेकला होता. बाकीची आठ मुलं हसत होती. मोठमोठ्यानं. मला वाटलं, आजकालच्या मुलांना दर्जा म्हणून कळत नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी मला समजलं, की हा दुसरा भाग अनुराग कश्यप यांनी केला होता. त्याच २००७ सालात, फेब्रुवारीत त्यांचा ‘ब्लॅक फ्रायडे’ आला, ऑक्टोबरात ‘नो स्मोकिंग’, आणि डिसेंबरात मारुती. एका वर्षात बॉम्बस्फोट, सिगारेट आणि हनुमान! एवढ्या पल्ल्याची उडी मारणारा माणूस पहिल्या भागाची नक्कल कशाला करील? नकलेचा मक्ता माझ्याकडे होता. मी तीच पँट घालून आलो होतो.

खेळ सुटल्यावर शहाणा माणूस घरी गेला असता. मी जीप ठरवली. खिडकीवरून नऊ जणांत जो शास्त्रार्थ झाला तो विचारू नका. शेवटी उलटीवाल्या दोघींनाही खिडकी मिळाली आणि दोघींनीही आपापल्या आईचं म्हणणं खरं-खोटं करून दाखवलं. अंजनेरीच्या आधी रस्त्यालगत जुन्या नाण्यांचं संशोधन करणारी संस्था आहे, तिच्यासमोरून जाताना मी पाकीट उघडून बघितलं. माझ्याकडेही नाणीच उरली होती.

डोंगर चढताना मी मुलांना माहिती द्यायचं ठरवलं. अंजनेरी समुद्रसपाटीपासून सुमारे ४,२०० फूट आहे, म्हणालो, पण घाबरू नका, त्यातले जवळजवळ दोन हजार फूट नाशिक आपल्यासाठी आधीच चढून बसलेलं आहे. कुणी हसलं नाही. मग एका वळणावर धाप लागल्यामुळे मला थांबावंच लागलं, तेव्हा मी पश्चिमेकडे बोट करून म्हणालो, ‘‘मुलांनो, ते तिकडे त्र्यंबक. तिथे १८७० साली दादासाहेब फाळके जन्मले.’’ आणि मग मी सुटलोच. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३. ‘लंका दहन’ १९१७, त्यात साळुंके नावाच्या एकाच नटानं राम आणि सीता दोन्ही केले. मद्रासेत म्हणे गल्ल्याची नाणी बैलगाडीत भरून न्यावी लागली. आणि कार्टूनचं म्हणाल तर १९१५ साली फाळक्यांनी नुसत्या आगकाड्या हलवून ‘आगकाड्यांची मौज’ केली होती, तेव्हा कार्टून ही आपल्या त्र्यंबक रोडची वस्तू आहे! फाळक्यांनीही मारुतीकडे पुन्हा वळून १९३२ मध्ये ‘सेतुबंधन’ केला, पण तोवर बोलपट आले होते, आणि मूकपटाला मागाहून आवाज चिकटवायची पाळी आली...

इथे मी क्षणभर थांबलो. फाळक्यांनासुद्धा मारुतीची दुसरी फेरी जड गेली, हे मी माझ्याच तोंडानं सांगत होतो, आणि माझ्या डोक्यात काडीचाही उजेड पडला नाही.

मागे वळून बघितलं तर एकही मूल नव्हतं. ती केव्हाच वर पोचली होती. माझं व्याख्यान पाच माकडं ऐकत होती.

ही ती माकडं नव्हती. दोन वर्षांपूर्वीचं ते वयस्कर, अदबशीर माकड मी नजरेनं शोधलं, एक केळं पुढे धरलं आणि ‘घ्या’ म्हणालो. त्यांनी घेतलं. पिशवी घेतली. पुऱ्यांचा डबा घेतला, झाकण फिरवून उघडला, बटाट्याची भाजी चाखली आणि डबा माझ्या दिशेनं परत टाकला, तेव्हा मला कळलं की भाजीत मीठ नाही. मग त्यातल्या एकानं उडी मारून माझी टोपी ओढली. लोकरीची, कान झाकणारी, जिला आपण इतकी वर्षं माकडटोपी म्हणतो ती. मालकानं आपली वस्तू ओळखली, एवढंच मी म्हणेन.

लहानपणी टोपीविक्याची गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. मी गळ्यातला मफलर काढला आणि माकडाकडे रोखून बघत जमिनीवर फेकला. आता ते टोपी फेकणार. ते खाली आलं, मफलर उचलला आणि वर गेलं. अंजनेरीला ती गोष्ट कुणी सांगितलेली दिसत नाही.

रिकामी झालेली पिशवी मात्र त्यांनी फेकून दिली, आणि तिच्यातून एकच वस्तू बाहेर पडली. टॉवेल. तो उचलायला मी वाकलो आणि मागे एक आवाज झाला. नव्या साडीला दुकानदार टरकन फाडतो तसा, पण जरा लांबलचक. २००५ सालची पँट २००५ सालीच थांबली होती.

काय करणार! टॉवेल कमरेला गुंडाळला. तो पुरेना. पुढून गाठ मारली की मागची बाजू उघडी पडायची, म्हणून मागून घेऊन पट्ट्यात खोचला, तर त्याचा हातभर सोगा मागे लोंबायला लागला. तसाच वर गेलो. देवळाच्या पायरीवर नऊही मुलं बसली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. टोपी नाही, केस उभे, दमल्यामुळे गाल फुगलेले, चेहरा लालबुंद, आणि मागे शेपूट. थिएटरात हसली नव्हती इतकी ती हसली. सांगायला लाजणारा तो मुलगा तर इतका हसला, की या वेळी त्याचा चेहरा बघून मी बरोबर ओळखलं. उशीर झाला होता.

चिरंजीव हसले नाहीत. ते सगळ्यात पुढे, माझ्यापासून शंभर पावलं राखून उतरले. वाटेत कुणी विचारलं तर ‘हे आमचे कुणी नाहीत’ म्हणायची त्यांची तयारी होती. निम्म्यात एक नऊवारीतल्या आजी काठी टेकत वर येत होत्या. मला बघून थांबल्या, काठी बगलेत धरली आणि डोळे मिटून हात जोडले. मीही आशीर्वादाचा हात वर केला. दुसरं सुचलंच नाही.

साडेसातला घरी पोचलो. हिनं दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग खांद्याला धरून वळवलं आणि मागून पाहिलं.

‘‘हे काय?’’

दिवसभर तोंड न उघडलेले चिरंजीव बूट काढता काढता म्हणाले, ‘‘रिटर्न ऑफ हनुमान.’’

त्यानंतर मनाई जारी झाली.

मी मात्र पुढे कितीतरी वर्षं दोष सिनेमालाच देत राहिलो. कुठे दुसऱ्या भागाचा विषय निघाला की मी खुर्ची पुढे ओढून सांगायचो, पहिला काय होता आणि दुसऱ्यानं कसं पाणी ओतलं. लग्नाच्या पंगतीत सांगितलं, ऑफिसात सांगितलं, एकदा दाताच्या डॉक्टरांना तोंडात कापूस असताना सांगितलं. मुलगा बारावीला असताना एकदा जेवताना हेच सुरू केलं तेव्हा त्यानं आमटीची वाटी खाली ठेवली.

‘‘बाबा, पिक्चर चांगला होता.’’

‘‘अरे, तू तर तोंड पाडून बसला होतास!’’

‘‘तुम्ही बघू दिलात का? मला तो शाळेत जाणारा मारुती आवडला होता. माझ्या वर्गातही दोन जण मला मारायचे. तो त्यांना काय करतो ते बघायचं होतं, तर तुम्ही कानात पहिला भाग सांगत होतात.’’

ही आमटी वाढत होती. तिनं माझ्या वाटीत एक पळी जास्त घातली. आमच्याकडे कीव अशी वाढतात.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जानेवारीत, युगो साको या जपानी माणसानं राम मोहन वगैरे मंडळींच्या साथीनं केलेला १९९२ चा कार्टूनमधला ‘रामायण’ नव्यानं झळाळी देऊन थिएटरांत आला. सव्वीस जानेवारीला जोडून मुलगा पुण्याहून आला होता. पंचवीस वर्षांचा, दाढीवाला. स्वतःच म्हणाला, ‘‘बाबा, जाऊ या का? दोघंच.’’ ही स्वयंपाकघरातून बाहेर आली, माझी पँट बघून गेली, आणि पुन्हा येऊन पिशवी तपासून गेली.

थिएटरात मी तोंड उघडलं नाही. मारुतीनं लंका पेटवली तेव्हा एकदा ओठ हलले, पण मी त्यात वेफर घातला. चिरंजीव मात्र पंचवटी दिसली तशी माझ्याकडे झुकून पुटपुटले, ‘‘आपल्याकडची सीतागुंफा अशी नाहीये.’’ मी शूऽऽ केलं. सतरा वर्षं मी त्या क्षणाची वाट बघत होतो.

बाहेर आलो. कोवळं ऊन होतं, हवेत गारवा होता, कोपऱ्यावर केळ्यांची गाडी उभी होती. मी काही बोललो नाही. मी फक्त त्र्यंबक रोडच्या दिशेनं जरा बघितलं.

‘‘बाबा,’’ तो म्हणाला, ‘‘नाही.’’